उंच चाकांची गाडी आणि रस्त्याचा प्रश्न

पालघर, बोईसर, सफाळे या गावांत घरासमोर उभ्या राहणाऱ्या मोटारीचे रूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. ठेंगण्या, आटोपशीर मोटारीची जागा उंच चाकांची, चौकोनी बांध्याची, डोंगरात आणि चिखलात चालण्याची ग्वाही मिरवणारी गाडी घेऊ लागली आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतील ठेकेदार, केळवे-माहीमकडील बागायतदार, मुंबईत नोकरी करून गावी घर बांधणारा नोकरदार अशा नाना थरांतील कुटुंबे ही गाडी घेतात. गाडी घरी आली की महिन्याभरात तिचे टायर बदलतात, पुढे लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसतो आणि टपावर दिव्यांची रांग लागते. हा ज्याचा त्याचा खासगी खर्च आहे, त्यात इतरांनी लक्ष घालण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. परंतु कुटुंबाच्या दहा-पंधरा लाखांच्या बचतीचा वा कर्जाचा, रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षिततेचा आणि खुद्द रस्त्यांच्या भवितव्याचा असे तीन प्रश्न या एका खरेदीत गुंतलेले आहेत. म्हणून तिचा विचार हौसेच्या पलीकडे जाऊन करणे अगत्याचे आहे.

सरकारी जीप ते घरची जीप

जीप महाराष्ट्राला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून अमेरिकेत घडलेल्या या वाहनाची जुळणी महिंद्रा कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली. १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने निघालेल्या या कंपनीने आजचे नाव फाळणीनंतर, १९४८ मध्ये घेतले. १९५२ मध्ये देशात समूहविकास योजना आली, १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि जीप खेडोपाडी पोचली ती शासनाचे वाहन म्हणून. तहसीलदार, गटविकास अधिकारी, हिवताप निर्मूलनाचे पथक, बांधकाम खात्याचा अभियंता या साऱ्यांची जीपच असे. पाड्यावर धुरळा उडाला की सरकार आले, असे लोक समजत. पुढे शासनाकडून निवृत्त झालेल्या याच जीपगाड्या आणि त्यांच्या पाठच्या पिढ्या जव्हार-मोखाड्याच्या घाटांतून एसटी न पोचणाऱ्या पाड्यांची माणसे, भाजीची ओझी आणि आजारी म्हाताऱ्यांना घेऊन धावू लागल्या. नियमात बसोत वा न बसोत, त्या गरिबाच्या उपयोगाच्या होत्या.

कुटुंबाची हौस म्हणून जीप घेण्याची चाल त्यानंतरची. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली, पण तीही बहुतांशी सैन्य, पोलीस आणि वनखाते यांच्याच दिमतीला राहिली. महिंद्राची थार २०१० मध्ये निघाली. ऑक्टोबर २०२० मध्ये ती नव्या रूपात, नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि वातानुकूलन, एअरबॅग, समोर तोंड करून बसण्याची मागची आसने यांमुळे घरात शिरली. २०२३ मध्ये मारुतीची जिम्नी आली, २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स. एकेकाळी जी गाडी शासनाला लोकांपर्यंत नेत होती, तीच आता शासनावाचून आपला मार्ग काढण्याचे साधन म्हणून विकली जात आहे. या बदलाची दखल अर्थशास्त्राने घ्यावी एवढा तो मोठा आहे.

एका दिवसासाठी वर्षाचा खर्च

कोणतीही टिकाऊ वस्तू घेताना वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस डोळ्यांपुढे ठेवावेत, हा साधा नियम. पालघर परिसरातील कुटुंबाची गाडी बहुतेक दिवस कोठे जाते? स्थानकावर, शाळेत, बाजारात, दवाखान्यात, फार तर अहमदाबाद महामार्गाने मुंबईला वा विक्रमगडमार्गे जव्हारला. यांतील जवळपास सारे रस्ते डांबरी वा काँक्रीटचे आहेत. पावसाळ्यात त्यांना खड्डे पडतात ही गोष्ट खरी, पण खड्ड्यांसाठी चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा लागत नाही. त्यासाठी थोडी उंच गाडी आणि थोडा संयम पुरतो. ज्याची वाडी डोंगरउतारावर आहे, ज्याला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत चिखलवाटेने रोज जावे लागते, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी 'फोर-व्हील ड्राइव्ह' आणि 'लो' गिअर ही उत्पादक गुंतवणूक आहे. उरलेल्यांसाठी ती वर्षातून दोन दिवस उपयोगी पडणारी चैन आहे. चैन करण्यात पाप नाही. तिला गरज म्हणणे मात्र हिशेबाच्या दृष्टीने घातक.

या हिशेबात करपद्धतीने आणखी एक गंमत आणली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांनुसार चार मीटरच्या आतील आणि १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या डिझेल इंजिनाच्या मोटारीवर १८ टक्के कर बसतो. पेट्रोलसाठी हीच मर्यादा १२०० घनसेंटिमीटरची आहे. यापेक्षा मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. तीन दारांची थार ३९८५ मिलिमीटर लांब आहे आणि तिचा १४९७ घनसेंटिमीटर डिझेल इंजिनाचा प्रकार १८ टक्क्यांत बसतो. पण त्या प्रकारात जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. चारही चाके चालवणारी थार मोठ्या इंजिनाची, म्हणून ती ४० टक्क्यांत. जिम्नी लांबीने लहान व चारही चाकांवर चालणारी असूनही तिचे पेट्रोल इंजिन १४६२ घनसेंटिमीटरचे असल्याने तीही ४० टक्क्यांतच. परिणामी रानगाडीचा वेष स्वस्त आणि रानगाडीचा गुण महाग अशी स्थिती झाली आहे. ज्या शेतकऱ्याला खरोखर तो गुण हवा, त्याच्यावर भार अधिक. आणि ज्याला केवळ रूप हवे, त्याला सवलत. विकत घेणाऱ्याने निदान आपण यांपैकी काय घेत आहोत, एवढे तरी विक्रेत्याच्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वी ओळखावे.

घरातील माणसांचा विचार तर याहून आधी हवा. तीन दारांच्या गाडीत मागे बसायचे तर पुढचे आसन कलते करून आत शिरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आजीला ते रोज जमेल काय? मागे दोनच माणसे बसतात आणि आसने उभी असताना सामानाला जागा जवळजवळ उरत नाही. सणासुदीला पाच-सहा जणांनी मिळून प्रवास करणाऱ्या मराठी कुटुंबाला अशी गाडी अपुरी पडते आणि मग दुसरे वाहन भाड्याने घ्यावे लागते. पाच दारांची गाडी ही अडचण बरीच दूर करते, परंतु तिची लांबी ४४२८ मिलिमीटर आहे. वाड्या-आळींच्या अरुंद वाटांत ती वळवणे हे रोजचे काम होऊन बसते.

घसाऱ्याकडे तर सहसा कोणी पाहतच नाही. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवताना पहिल्या वर्षअखेर १५ टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के घसारा धरण्याची पद्धत आहे. जुन्या बाजारात काही गाड्यांना यापेक्षा बरी किंमत येते, पण ती वाढत मात्र कधीच नाही. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, मालवाहतुकीचा समर्पित लोहमार्ग, बुलेट ट्रेन अशा प्रकल्पांसाठी या जिल्ह्यात जमिनी गेल्या. जमीन ही पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी मत्ता. तिचा मोबदला पाच वर्षांत अर्ध्यावर येणाऱ्या लोखंडात घातला, तर त्या कुटुंबाने एक पिढी आधीच खर्च केली असे म्हणावे लागेल.

सजावटीचा मोह

खरेदीनंतरचा खर्च हा या व्यवहाराचा सर्वांत कमी विचार झालेला भाग. गाडीत आपल्या मनाजोगे बदल करण्याची इच्छा स्वाभाविक आहे. बैलांची शिंगे रंगवणाऱ्या आणि ट्रकच्या पाठीवर वचने लिहिणाऱ्या समाजाला ती कोणी शिकवायला नको. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशिलाशी आणि उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. गाडीच्या तोंडाशी बसवल्या जाणाऱ्या लोखंडी पिंजऱ्याविरुद्ध कारवाई करण्याची सूचना केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिली होती.

कायदा बाजूला ठेवला तरी या मनाईमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आधुनिक गाडीचा पुढचा भाग धडक झाल्यावर ठरलेल्या रीतीने चेपावा आणि धक्का आतल्या माणसांपर्यंत पोचण्याआधी जिरावा, अशी त्याची रचना असते. एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरवणारे संवेदकही त्या रचनेशी जुळवलेले असतात. तेथे जाड लोखंडी नळ्या बसवल्या की धक्का थेट सांगाड्यात जातो आणि एअरबॅग उशिरा उघडण्याचा वा न उघडण्याचा धोका निर्माण होतो. पादचाऱ्याला तर तो पिंजरा हातोड्यासारखा लागतो. २०२० मध्ये नव्या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले, नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉक्सला भारत एनकॅपचे पाच. हे तारे कारखान्यातून निघालेल्या गाडीला मिळालेले आहेत. बाजारपेठेतील गाळ्यात लोखंड जोडून घेतलेल्या गाडीला ते लागू होत नाहीत. ग्राहक आधी सुरक्षिततेसाठी पैसे मोजतो आणि मग तीच सुरक्षितता घालवण्यासाठी पुन्हा पैसे मोजतो.

मोठ्या टायरांचे आणि वाढवलेल्या उंचीचेही तसेच. टायर मोठा व जड केला की इंधन अधिक जळते, ब्रेकवर ताण येतो आणि वेगदर्शक काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. गाडी उचलून उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि घाटातील वळणावर ती कलंडण्याची शक्यता वाढते. टपावरील प्रखर दिव्यांनी समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात. आणि मनोर-वाडा रस्त्यावर रात्री समोरून येणारा बहुधा दुचाकीस्वारच असतो. शिवाय असे बदल विमा कंपनीला न कळवता केले, तर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो.

याचा अर्थ गाडीवर काहीच खर्च करू नये असा नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप देणे हा पैसा सार्थकी लागतो. मूळ मापाचेच, पण चिखलात पकड देणारे खाचांचे टायर, हवा भरण्याचा लहान पंप, ओढण्याचा पट्टा, प्रथमोपचाराची पेटी आणि लहान मुलासाठी आयसोफिक्स खुंट्यांना अडकवण्याचे आसन, एवढ्यात कौटुंबिक गाडी सज्ज होते. आसनाच्या बाजूने उघडणारी एअरबॅग असेल तर तिच्यावर जाड आच्छादन शिवून घेऊ नये. या यादीत दिखाऊ असे काही नाही. म्हणूनच बहुधा ती कोणी करीत नाही.

गाडीच्या सामर्थ्याविषयीच्या गैरसमजाची किंमतही अशीच मोजावी लागते. थारची चाके अर्ध्या-पाऊण मीटर पाण्यातून जातात, असे कंपनीचा ६५० मिलिमीटरचा आकडा सांगतो. हा आकडा साचलेल्या पाण्यासाठी आहे. पुराच्या वेळी साकवावरून वाहणारा दोन फुटांचा लोंढा जड गाडीलाही ढकलून नेतो, त्याला चाके किती चालतात याच्याशी कर्तव्य नसते. किनाऱ्याच्या ओल्या वाळूत हौसेने नेलेली गाडी रुतली आणि भरती आली, म्हणजे ती ओढून काढायला गावातला ट्रॅक्टर आणि कोळ्यांचे दोरच लागतात.

बाहेर पडण्याची वाट

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेला एक विचार येथे लागू पडतो. एखादी सेवा बिघडली की ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: ती सोडून दुसरीकडे जाणे किंवा तिच्याविषयी आवाज उठवणे. हर्शमन यांना हा विचार सुचला तो नायजेरियाच्या रेल्वेवरून. रेल्वेची कामगिरी खालावली तेव्हा ज्यांना शक्य होते त्यांनी माल ट्रकने पाठवायला सुरुवात केली. वस्तुतः स्पर्धेमुळे रेल्वे सुधारायला हवी होती. घडले उलटे. ज्यांची तक्रार प्रभावी ठरली असती, तेच आधी निघून गेले आणि रेल्वे निर्धास्तपणे बिघडत राहिली.

उंच चाकांची गाडी हा रस्त्याच्या बाबतीत असाच निघून जाण्याचा मार्ग आहे. गावातील ज्या चार घरांचे म्हणणे ग्रामपंचायतीत, बांधकाम खात्यात आणि आमदारांकडे ऐकले जाते, त्याच चार घरांना खड्डा जाणवेनासा झाला, तर खड्ड्याविरुद्ध बोलणार कोण? दुचाकीवरून बोईसरच्या कारखान्यात रात्रपाळीला जाणारा कामगार, रिक्षात कोंबून बसलेल्या विद्यार्थिनी आणि डोक्यावर माशांची पाटी घेतलेली कोळीण यांच्या वाट्याला तो खड्डा येतो. त्यांच्याजवळ आवाज आहे, पण तो ऐकणाऱ्यांपर्यंत पोचत नाही.

वैतरणेच्या काठी हे अधिक ठळकपणे दिसते. दोन रेल्वे पुलांच्या मधल्या बेटावर वसलेल्या वाढीव-वैतीपाड्याच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे रेल्वे पुलावरून चालत, धावत्या गाड्यांना अंग चोरत वैतरणा स्थानक गाठले. जगातील कोणतीही चारचाकी त्यांचा प्रश्न सोडवू शकत नाही. त्यांना पूलच हवा. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील मर्कटवाडीत रस्त्याअभावी एका मातेला झोळीतून न्यावे लागले आणि तिची नवजात जुळी बालके दगावली. जेथे वाटच नाही, तेथे कोणाच्या घरी कोणती गाडी आहे याला अर्थ राहत नाही. त्यानंतर काही दिवसांनीच, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, याच जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते. पट्टा न लावण्याची आणि त्या पुलापाशी अरुंद होणाऱ्या रस्त्याच्या सदोष रचनेची तेव्हा देशभर चर्चा झाली. उत्तमातील उत्तम गाडीही रस्त्याचा दोष भरून काढू शकत नाही, हे या महामार्गाने सर्वांना दाखवून दिले आहे.

करदात्याचा हक्क

या विवेचनातून गाडी घेऊच नये असा निष्कर्ष निघत नाही. डहाणू-घोलवडचा चिकू बागायतदार, पाड्यांवर फिरणारा डॉक्टर, डोंगरात घर असलेले कुटुंब यांनी ती अवश्य घ्यावी. ज्याला परवडते त्याने केवळ आवडते म्हणून घेतली तरी कोणी नाक मुरडू नये. अपेक्षा एवढीच, की घेणाऱ्याने आपण शासनाला काय दिले हे लक्षात ठेवावे. पंधरा लाख रुपये किमतीची, चारही चाकांवर चालणारी डिझेल गाडी घेतली, तर त्या किमतीत वस्तू व सेवा कराचे सुमारे ४ लाख २९ हजार रुपये असतात. राज्याचा १४ टक्के दराने एकरकमी वाहनकर २ लाख १० हजार. म्हणजे गाडी दालनातून बाहेर पडण्यापूर्वीच सुमारे ६ लाख ३९ हजार रुपये शासनाकडे जमा झालेले असतात; डिझेलवरील कर आणि पथकर पुढे आहेतच.

एवढी रक्कम भरणाऱ्या माणसाला रस्त्याचा हिशेब विचारण्याचा पुरेपूर अधिकार आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्याच्या कंत्राटदारावर काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते. रस्त्याच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर कामाचा तपशील असतो. आपल्या गावाचा रस्ता कोणत्या योजनेत झाला, देखभालीची मुदत कधी संपते, त्या मुदतीत खड्डे भरले गेले काय, हे प्रश्न ग्रामसभेत विचारायला फार विद्वत्ता लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि थोडी चिकाटी. नव्या गाडीला कोणते टायर शोभतील याची चौकशी लोक आठवडे-आठवडे करतात. त्यातील एक सायंकाळ ग्रामसभेला दिली तरी पुष्कळ साधेल.

हे प्रश्न प्रथम विचारायचे ते उंच गाडीच्या मालकांनीच, कारण त्यांचे उत्तर देणे टाळता येत नाही. त्यांनी ते विचारले, तर त्यांच्या मागून सायकलवर आणि पायी येणाऱ्यांनाही रस्ता मिळेल. त्यांनी ते विचारण्याचे सोडले, तर दर पावसाळ्यागणिक आणखी उंच गाडी घेण्यावाचून त्यांनाही गत्यंतर उरणार नाही.